रिकाम्या स्लॉटची बखर

इतिहासाचा शिक्षक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे ताम्रपट, मोडी कागद आणि पडके बुरूज उभे राहतात. त्यात वावगे काही नाही. परंतु गेल्या पंचेचाळीस वर्षांचा एक दस्तऐवज असा आहे, की तो वाचण्यासाठी दप्तरखान्याची परवानगी लागत नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. टेबलावरच्या संगणकाची पेटी बाजूने उघडा. आत एक मोठी पाटी दिसेल, तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर पंखा, रॅमच्या उभ्या पट्ट्या, केबलींचा गुंता, आणि या सर्वांच्या खाली दोन-तीन लांबट खाचा, बहुधा रिकाम्या आणि धुळीने भरलेल्या. हे स्लॉट. पुढे कधी वरचा मजला चढवायचा म्हणून आपल्याकडे गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या सोडतात, तसेच हे. उद्या काही वाढवायचे झाले तर जागा राखून ठेवली आहे, असे वचन त्यांनी दिलेले असते.

या वचनावर विसंबून ज्याने एखादा नवा भाग बसवायला घेतला, त्याला पुढची कथा सांगायला नको. रॅम वाढवायला जावे तर ती बसत नाही. बसणारी बाजारात मिळत नाही. मिळाली तर मदरबोर्ड तिला ओळखत नाही. मदरबोर्ड बदलावा तर प्रोसेसर बदलावा लागतो आणि प्रोसेसरबरोबर वीजपुरवठ्याचा डबाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! शेवटी दुकानदार शांतपणे सांगतो, "सर, नवाच घ्या." मग आपण कंपन्यांच्या नावाने बोटे मोडतो. त्या रागात तथ्य आहे. पण ते निम्मेच. उरलेले निम्मे इतिहासात आहे, आणि तेच येथे मांडायचे आहे.

आरंभ १२ ऑगस्ट १९८१ पासून करावा लागेल. त्या दिवशी अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ, मूळ स्मृती अवघी १६ किलोबाइट आणि आत पाच स्लॉट. आजच्या साध्या मोबाइलपुढेही हे यंत्र बापुडवाणे वाटेल. परंतु त्याची खरी नवलाई वेगात नव्हती. घाईने बाजारात उतरायचे म्हणून आयबीएमने बहुतेक भाग बाहेरून घेतले होते. आणि इतरांनी या यंत्रासाठी कार्डे बनवावीत म्हणून त्याचे विद्युत-आराखडे, एवढेच नव्हे तर बायोस नावाच्या मूळ आज्ञावलीचा मजकूरही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला होता. स्लॉटच्या कोणत्या टोकाला कोणता विद्युत-संदेश येईल, हे आता कोणालाही वाचता येत होते. माझ्या मते हा एक करारनामा होता. सही एकाचीच होती, पण तो पाळायला जग मोकळे होते.

जगाने तो पाळला. बायोसवर आयबीएमचा कॉपीराइट होता. तेव्हा कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी मूळ मजकुराला हात न लावता, तेच काम करणारी आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिली. त्यातून हुबेहूब चालणारी यंत्रे निघाली. १९८४ मध्ये आयबीएमने एटी हे यंत्र आणले, त्यात माहितीची वाट आठ बिटांवरून सोळा बिटांची झाली. जुना स्लॉट तसाच ठेवून त्याच्या पुढे एक छोटा तुकडा जोडला होता. त्यामुळे जुनी बहुतेक कार्डे नव्या स्लॉटमध्ये चालत. मोठ्या घराण्यात नवी सून आली तरी सासूची चूल मोडली नाही, असा तो प्रकार.

पुढे मात्र घराण्याचे कर्ते पुरुषच बिथरले. आपल्या करारावर दुसरेच श्रीमंत होत आहेत, हे आयबीएमला पाहवेना. एप्रिल १९८७ मध्ये पीएस/२ यंत्रांबरोबर तिने मायक्रो चॅनेल नावाचा नवा स्लॉट काढला. तांत्रिक दृष्ट्या तो सरस होता. पण जुनी कार्डे त्यात बसत नव्हती आणि तो वापरायचा तर आयबीएमला मोबदला देणे भाग होते. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुन्याशी जुळणारा आपला स्लॉट जाहीर केला. त्या निमित्ताने एटीच्या जुन्या स्लॉटलाही 'आयएसए', म्हणजे उद्योगाची प्रमाण रचना, असे नाव पडले. ज्याने स्लॉट जन्माला घातला त्याचे नाव पुसले गेले आणि जे तो वापरत होते त्यांचे लागले! मायक्रो चॅनेल काही वर्षांतच मागे पडला. सरस असूनही तो हरला, कारण त्याचे दार बंद होते.

या ठिकाणी आपल्याकडचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. आमच्या पिढीला मिरज जंक्शन चांगले आठवते. पूर्वी पुण्यापासून मिरज, बेळगाव, लोंढ्यापर्यंत मीटर गेजच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस पुणे ते मिरज हा पट्टा ब्रॉड गेज झाला. सुधारणा झाली यात शंका नाही. पण त्या सुधारणेमुळेच बेळगावकडच्या प्रवाशाला मिरजेला उतरून ट्रंका, वळकट्या, पोरेबाळे घेऊन गाडी बदलावी लागू लागली. आमच्या बाजूचा रूळ १९९० च्या दशकात रुंद होईपर्यंत हे चालले. रूळ दोन्हीकडे भक्कम होते, इंजिनेही उत्तम होती; फक्त दोन रुळांमधल्या अंतराचा करार एके ठिकाणी बदलला होता आणि दुसरीकडे नाही. संगणकाच्या पेटीत जे अडते ते बहुधा असेच अडते. भाग निकामी नसतो. दोन भागांच्या मधोमध एक मिरज असते.

आता त्या काळच्या काही मिरजा पाहू.

पहिली स्मृतीची. ८०८८ प्रोसेसरला एकूण एक मेगाबाइट पत्ते मोजता येत. त्यांपैकी ६४० किलोबाइट वापरणाऱ्यासाठी आणि वरचे ३८४ किलोबाइट पडदा, बायोस वगैरेंसाठी राखून ठेवले गेले. १६ किलोबाइटच्या जमान्यात ६४० म्हणजे उदंड! पण दहा वर्षांत यंत्रात चार-चार मेगाबाइट बसू लागले तरी डॉसवरच्या आज्ञावल्या त्या ६४० च्या कुंपणातच दाटीवाटीने नांदत होत्या. पैसे मोजून स्मृती घ्यावी आणि 'जागा अपुरी' असा निरोप पडद्यावर वाचावा, हा अनुभव त्या काळच्या अनेकांनी घेतला.

दुसरी हाक मारण्याच्या दोऱ्यांची. कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर यांना प्रोसेसरचे लक्ष वेधायचे तर प्रत्येकाला एक स्वतंत्र ओळ लागे. तिला आयआरक्यू म्हणत. पहिल्या यंत्रात अशा आठ होत्या, एटीमध्ये वापरता येण्याजोग्या पंधरा झाल्या. बऱ्याचशा आधीच वाटलेल्या. नवे साउंड कार्ड घातले आणि त्याने प्रिंटरचीच ओळ धरली की कधी आवाज बंद, कधी छपाई बंद. मग कार्ड बाहेर काढायचे, त्यावरची जंपर नावाची ज्वारीच्या दाण्याएवढी टोपी चिमट्याने उचलून शेजारच्या दोन टाचण्यांवर बसवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करून पाहायचे. वाटण्यांचा हा कज्जा यंत्र स्वतः सोडवत नसे. तो मालकानेच सोडवायचा.

तिसरी हार्ड डिस्कची, आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटते. डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी सांगत. बायोसच्या करारात मर्यादा होती १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर. त्या हिशेबाने सुमारे साडेआठ गिगाबाइटची डिस्क चालली असती. डिस्कच्या जोडणीच्या करारात मर्यादा होती ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर; म्हणजे सुमारे १३७ गिगाबाइट. दोघेही उदार. पण दोघांनाही मान्य असेल तेवढेच चालणार, म्हणजे प्रत्येक बाबतीत लहान आकडा घ्यायचा: १०२४, १६ आणि ६३. प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट. गुणाकार करून पाहा, ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. सुमारे ५२८ मेगाबाइट. १९९० च्या दशकाच्या मध्यास ज्यांनी याहून मोठी डिस्क आणून जुन्या यंत्रात लावली, त्यांना तिचा वरचा भाग दिसेचना. दोन उदार माणसांनी मिळून कंजूष निकाल द्यावा, याचे इतके चोख उदाहरण मला राजकीय इतिहासातही क्वचितच सापडले.

आणि स्मृतीच्या पट्ट्यांची तर संख्याही करारात असे. ३० टाचण्यांची जुनी पट्टी एका वेळी आठ बिट देई आणि ४८६ प्रोसेसरला बत्तीस लागत. म्हणून त्या चाराच्या पटीतच घ्याव्या लागत. एक पट्टी वाढवीन म्हणणाऱ्याला ती सोय नव्हती. पुढे ७२ टाचण्यांची पट्टी बत्तीस बिटांची आली, तोवर पेंटियमला चौसष्ट लागू लागले. पुन्हा जोडी आलीच.

हा जाच कमी करण्याचे प्रयत्नही झाले, ते न सांगणे अन्यायाचे होईल. १९९२ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने पीसीआय हा नवा स्लॉट आला. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर 'प्लग अँड प्ले'चा गाजावाजा झाला: कार्ड लावा, बाकीचे यंत्र पाहून घेईल. सुरुवातीला ते इतके बेभरवशाचे होते, की लोक त्याला 'प्लग अँड प्रे' म्हणत, लावा आणि देवाची प्रार्थना करा. पण कालांतराने ते खरोखर जमले. आजच्या मुलाला जंपर दाखवला तर तो काय आहे हे त्याला कळणार नाही. मात्र पीसीआयबरोबर आयएसएचे दिवस भरले आणि २००० सालाच्या आसपास नव्या मदरबोर्डांवरून तो स्लॉट नाहीसा होऊ लागला.

हा स्लॉट नाहीसा होण्याशी आपल्या भाषांचा थेट संबंध होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या संशोधनातून पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट कार्ड तयार केले होते. ते आयएसए स्लॉटमध्ये बसवले, की इंग्रजीपुरत्या बनलेल्या डॉसच्या आज्ञावल्यांत देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटत. म्हणजे येथे आपली लिपी संगणकात शिरली ती एका रिकाम्या स्लॉटमधून. कोणाचे औदार्य म्हणून नव्हे. स्लॉटचा करार खुला होता म्हणून. यामागे १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली इस्की ही संकेतावली होती. तिच्यात मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच संकेतांक. लिपी बदलली की तेच अक्षर दुसऱ्या वेशात उभे राही.

नुकताच एम.ए. झालो होतो तेव्हा एका कार्यालयात मी हे पाहिले आहे. तेथील लिपिकाने एक आडनाव मराठीत टंकलिहिले, एक कळ दाबली, आणि तेच आडनाव कन्नडात समोर! आमच्या भागात एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, सात-बारा किंवा पहाणीवर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे असते. त्यापायी लोकांनी किती हेलपाटे घातले असतील! त्या कळीचे मोल बाहेरच्याला कळणार नाही. काही वर्षांनी त्याच कार्यालयात नवी, वेगवान यंत्रे आली. त्यांत आयएसए स्लॉट नव्हता. कार्ड सुस्थितीत होते. ते कपाटात गेले. नव्या यंत्रात निरनिराळ्या फाँटांचा सुळसुळाट झाला, एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती अक्षरांची खिचडी. नावे पुन्हा हाताने टंकलिहावी लागली, आणि जुन्या चुकांत नव्या चुकांची भर पडली. यंत्र पुढे गेले आणि काम दहा वर्षे मागे गेले, असे मी तेव्हा म्हटल्याचे आठवते.

सुदैवाने ही कथा तेथे संपली नाही. इस्कीची वर्णमांडणी युनिकोडने आधाराला घेतली. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, पाठोपाठ एक्सपीमध्ये कन्नडही. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांचे वाडे वेगळे, पण खोल्यांचा क्रम सारखाच. कार्ड गेले, स्लॉट गेला, कंपन्या बदलल्या. टिकला तो वर्णमालेचा करार, कारण तो लिहून, प्रसिद्ध करून ठेवलेला होता.

आता आमच्या शाळेचा हिशेब. २०१२ च्या सुमारास माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून संगणक-कक्षासाठी रॅम दिली. पुरवठादाराने "कुठल्याही यंत्रात चालेल" असे छातीठोक सांगून डीडीआर-३ च्या पट्ट्या पाठवल्या. आमची यंत्रे डीडीआर-२ ची. दोन्हींना टाचण्या २४०; लांबीही तीच. फक्त मधली खाच काही मिलिमीटर सरकलेली. ती मुद्दाम तशी असते, कारण दोन्हींना लागणारा वीजदाब वेगळा; चुकीची पट्टी बसून जळू नये म्हणून ही योजना. पुरवठादाराने माल परत घेण्यास नकार दिला. जुनी डीडीआर-२ शोधावी तर तिचे उत्पादन घटल्याने ती नव्यापेक्षा महाग! नाल सापडली म्हणून घोडा घ्यावा तसे, पट्ट्या आहेत म्हणून मदरबोर्ड घ्यायची वेळ आली. त्यावर आमच्या जुन्या हार्ड डिस्कची रुंद केबल लावायला जागा नव्हती. अखेर गावातल्या दुरुस्तीवाल्याने त्या पट्ट्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन जुन्या काढलेल्या यंत्रांतील रॅम आम्हांला मिळवून दिली. मधल्या काळात दोन तुकड्यांचे प्रात्यक्षिकांचे अर्धे वर्ष बुडाले होते.

प्रत्येक अडवणूक अशी विजेच्या कारणाने होते असे मात्र नाही. २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. बैठक तीच, ११५१ स्पर्शबिंदूंची. पण आधीच्या मदरबोर्डांवर ते चालणार नाहीत असे ठरले. भाग बसतो, करार नाही! याउलट एएमडीने २०१६ मध्ये आणलेली एएम४ ही बैठक अनेक पिढ्या चालवली. तिथेही एक गंमत होती: नव्या प्रोसेसरसाठी बायोस अद्ययावत करावे लागे, आणि ते करण्यासाठी यंत्र सुरू व्हायला जुना प्रोसेसर हवा. २०१८ मध्ये कंपनीने त्यासाठी ग्राहकांना जुना प्रोसेसर उसना देण्याची सोय केली होती. विहिरीतून बादली काढायला दुसरी बादली! तरी त्यांनी ती दिली, हे महत्त्वाचे.

आणि करार पाळला गेला तर काय होते, तेही आम्ही पाहिले. २०१६ मध्ये घेतलेली आमची बारा यंत्रे चार-पाच वर्षांत इतकी मंदावली, की हजेरी घेऊन होईपर्यंत ती सुरू होत. २०२२ मध्ये त्यांत साध्या एसएसडी बसवल्या. साटा ही जोडणी २००३ च्या सुमारास बाजारात आली आणि पुढच्या प्रत्येक सुधारणेत जुन्याशी जुळती राहिली. चार स्क्रू, दोन केबली, काम फत्ते. यंत्रे मिनिटाच्या आत उघडू लागली. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर यांची अट घातली. आमचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर त्या यादीत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. जे यंत्र आमच्या मुलांना व्यवस्थित शिकवते आहे, ते एका यादीमुळे भंगार ठरू पाहत आहे. आम्ही तूर्त सहा यंत्रांवर लिनक्स घातली आहे. तिच्यात मराठी आणि कन्नड, दोन्ही एकाच इन्स्क्रिप्ट मांडणीने टंकलिहिता येतात. मुलांनी आठवड्यात ती आपलीशी केली.

दरम्यान बाजारात अशी गोंडस, चपटी यंत्रे आली आहेत, की ज्यांत या कटकटी नाहीत. रॅम पाटीवरच डाग देऊन बसवलेली, झाकण चिकटवलेले. जुळेल की नाही हा प्रश्नच मिटला, कारण जोडायला जागाच नाही. काही पालक मला म्हणतात, "सर, तीच बरी, डोक्याला ताप नाही." मला ते पटत नाही. स्लॉटचा ताप ही स्लॉट असण्याची किंमत आहे. श्रीमंत शाळेला ती किंमत जाचक वाटेल. वर्गणीवर चालणाऱ्या शाळेला मात्र यंत्र एकेका भागाने सुधारता येणे, म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा शून्यावर न येणे होय.

म्हणून आमच्या व्यवस्थापन समितीपुढे मी यंदा एक साधा नियम मांडला आहे. खरेदीपूर्वी नमुन्याचे यंत्र उघडून दाखवावे. रॅम स्लॉटमध्ये आहे का, डिस्क काढता येते का, रिकामा स्लॉट किती, आणि ती जोडणी कोणत्या वर्षापासून चालत आली आहे, हे कोटेशनवर लिहून द्यावे. दोन पुरवठादारांनी नाके मुरडली. तिसऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दहावीच्या मुलांना जवळ बोलावले.